पिसांची माशी आणि वाहतं पाणी

कोकणात खाडीवर गरवायला बसणाऱ्या कुणालाही फ्लाय फिशिंग समजावून सांगायला जा, पहिला प्रश्न ठरलेला असतो. गळाला कोलंबी नाही, गांडूळ नाही, कणकेची गोळीसुद्धा नाही, मग मासा येईलच कशाला? कोंबड्याचं पीस आणि रंगीत दोरा यांत खाण्याजोगं काय आहे?

प्रश्न रास्त आहे. त्यावर बहुतेक वेळा असं उत्तर मिळतं की, पिसांची ही माशी खऱ्या किड्यासारखी हुबेहूब बनवलेली असते, म्हणून मासा फसतो. हे उत्तर अपुरं आहे. हातात घेऊन पाहिल्या तर कित्येक नावाजलेल्या माश्या कुठल्याच किड्यासारख्या दिसत नाहीत, तरी त्यांच्यावर ट्राउट मासे लागतात. उलट अगदी हुबेहूब बांधलेली माशी पाण्यावरून चुकीच्या तऱ्हेने गेली, तर ट्राउट तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. माशी दिसते कशी यापेक्षा ती वाहते कशी, यावर या छंदाची सगळी भिस्त आहे. हे नीट कळायचं तर आधी मासा, मग त्याचं खाणं, मग पाणी आणि सगळ्यात शेवटी काठी-दोरी, असं क्रमाने जायला हवं.

उदाहरण म्हणून हिमाचल प्रदेशातल्या कुल्लू जिल्ह्यातली तीर्थन नदी घेऊ. मंडीहून कुल्लूकडे जाताना औटपाशी हमरस्ता सोडला की लारजीवरून बंजारकडे रस्ता वळतो. लारजीजवळ तीर्थनचं पाणी बियासला मिळतं. वरच्या अंगाला गुशैणी गावाशी फलाचन हा छोटा प्रवाह तीर्थनमध्ये येतो, आणि त्याच्याही वर ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाचं जंगल सुरू होतं. २०१४ साली युनेस्कोने या उद्यानाला जागतिक वारसा स्थळांच्या यादीत घेतलं. मासेमारी करायची ती उद्यानाबाहेरच्या पट्ट्यात, राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना काढून.

शिकायचं असेल तर मोठ्या नदीपेक्षा फलाचनसारखं लहान, वर्दळीपासून दूरचं पाणी गाठावं, असं माझं ठाम मत आहे. मोठ्या नदीत मासा कुठे आहे याचा अंदाजच करत बसावं लागतं. लहान प्रवाहात दगड, धार, डोह, सगळं दहा-पंधरा पावलांत डोळ्यांसमोर असतं. चूक झाली तर तीही लगेच दिसते.

१. थंड पाण्याचा मासा

तीर्थनमधला मासा म्हणजे ब्राउन ट्राउट. पिवळट तपकिरी अंग, पाठीवर काळे ठिपके, कुशीला फिक्या कड्यांचे लाल ठिपके. त्याला थंड पाणी लागतं आणि त्याचं मुख्य कारण आहे प्राणवायू.

पाणी जितकं थंड, तितका त्यात प्राणवायू जास्त विरघळतो. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सिअसच्या एका लिटर पाण्यात सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांना ९.१ आणि ३० अंशांना साधारण ७.५. आता दुसरी बाजू पाहा. माशाचं रक्त थंड, म्हणजे त्याच्या अंगाचं तापमान पाण्याइतकंच. पाणी तापलं की त्याच्या शरीरातले सगळे व्यवहार वेगाने चालू लागतात आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो. गरज वाढते नेमकी तेव्हाच पुरवठा आटतो. म्हणून साधारण १० ते १६ अंशांच्या पाण्यात ट्राउट उत्तम खातो-पितो, २० अंशांच्या आसपास त्याची तगमग सुरू होते आणि २५ अंशांच्या पुढे तो फार काळ तग धरू शकत नाही.

सह्याद्रीतल्या ओढ्यांत ट्राउट का नाही, याचं उत्तर यातच आलं. आपल्या नद्या पावसावर जगतात. एप्रिल-मे महिन्यांत त्यांचे डोह उरतात आणि ते उन्हाने तापतात. तीर्थनला मात्र उन्हाळ्यात वितळणाऱ्या बर्फाचं पाणी मिळत राहतं.

या माहितीचा प्रत्यक्ष उपयोग असा, की अनुभवी माणूस नदीवर पोचल्यावर काठी उघडण्याआधी पाण्यात तापमापक बुडवतो. ५-६ अंश दाखवत असेल तर मासे सुस्त आहेत, ऊन चढेपर्यंत थांबलेलं बरं. १९-२० दाखवत असेल तर काठी तशीच गुंडाळून परत फिरावं. दमलेल्या ट्राउटला तेवढ्या गरम पाण्यात दम खायला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि सोडलेला मासाही नंतर मरतो.

२. युरोपातला मासा हिमालयात

ब्राउन ट्राउट मूळचा युरोपचा, आणि त्याच्या लगतच्या उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियाच्या काही भागांचा. काश्मीरमध्ये १८९९ साली त्याची अंडी मागवण्यात आली, पण ती वाटेतच मेली. १९०० साली स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप जगली. ती वाढवण्याच्या कामात फ्रँक मिचेल यांचा मोठा वाटा होता. पुढे १९०९ साली जी. सी. एल. हॉवेल यांनी काश्मीरहून अंडी आणून कुल्लू खोऱ्यात, महिली इथे उबवणी केंद्र उभं केलं. बियासच्या खोऱ्यातल्या ट्राउटची सुरुवात तिथून झाली.

एवढ्या लांब अंडी न्यायची ती एका ठरावीक अवस्थेतच. फळलेल्या अंड्यातून काही आठवड्यांनी पिल्लाचे दोन काळे डोळे आरपार दिसू लागतात. त्याआधी अंडं जरा हिंदकळलं तरी मरतं, त्यानंतर मात्र ते बरंच सोसतं. बर्फात, ओल्या शेवाळात दडपून अशी अंडी कित्येक दिवस प्रवास करू शकतात.

या पाहुण्याचं कौतुक करताना घरच्या माशाला विसरून चालणार नाही. हिमालयातल्या नद्यांत स्नो ट्राउट नावाचा मासा पूर्वीपासून आहे. नावात ट्राउट असलं तरी तो रोहू-कटल्याच्या कुळातला. दगडांवरचं शेवाळ खरवडून खातो. ब्राउन ट्राउट त्याची पिल्लं खातो आणि त्याच्या जागाही बळकावतो. स्नो ट्राउट आज धोक्यात आलेल्या माशांच्या यादीत आहे. ट्राउटची नवी अंडी नव्या खोऱ्यात सोडावीत, असं म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत नाही. जिथे तो शंभर वर्षं नांदतो आहे तिथे त्याच्या मागे जावं, नव्या पाण्यात त्याला नेऊ नये.

तीर्थन आज वाहती आहे तीही माणसांनी लढून ठेवली म्हणून. बंजारचे माजी आमदार दिले राम शबाब यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी जलविद्युत प्रकल्पांना विरोध केला आणि या नदीवरचे प्रकल्प रद्द झाले. पाणी बोगद्यात वळवलं की खालच्या पात्रात नुसते दगड उरतात. तसं झालं असतं तर या प्रकरणात लिहिण्यासारखं काही उरलंच नसतं.

३. दगड उलटून पाहा

काठाजवळ घोटाभर पाण्यातला तळहाताएवढा दगड अलगद उचला आणि त्याची खालची बाजू उजेडात धरा. पहिल्यांदा नुसता ओला दगड दिसतो. मग त्याचा एक ठिपका सरकतो. चपटं डोकं, बाजूला पसरलेले सहा पाय, पोटाच्या दोन्ही कडांना थरथरणारे पिसांसारखे कल्ले आणि मागे केसासारख्या तीन शेपट्या. ही मेफ्लायची पाण्यातली अवस्था. तिला निंफ म्हणतात. शेजारी दोन शेपट्यांची जरा दांडगी स्टोनफ्लाय असेल. आणि वाळूचे कण एकमेकांना चिकटवून केलेली नखाएवढी नळी दिसली, तर आत कॅडिसची अळी आहे. ती तोंडातून रेशमासारखा धागा काढून हे घर शिवते. दगड पाहून झाला की होता तसाच परत ठेवायचा.

ट्राउटचं ताट हे असं आहे. त्यातल्या मेफ्लायचं आयुष्य समजून घेतलं की बाकी पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. अंड्यातून निघाल्यावर ती बहुधा वर्षभर निंफ म्हणून दगडाखाली काढते. मग एका दिवशी ती पाण्याच्या वर येते, पाठीवर कातडी फाटते आणि पंख असलेली माशी बाहेर पडते. पंख वाळेपर्यंत ती काही क्षण पाण्यावर तशीच तरंगत जाते. उडून झाडावर बसली की ती पुन्हा एकदा कात टाकते. पंख फुटल्यानंतर कात टाकणारा कीटक जगात हा एवढाच. या शेवटच्या अवस्थेत तिचं तोंड कामाचं नसतं, ती काही खात नाही. जोडीदार शोधायचा, पाण्यावर अंडी घालायची आणि एक-दोन दिवसांत मरायचं.

ट्राउटच्या बाजूने पाहिलं तर यात तीन जेवणं आहेत. पाण्याखाली वाहून जाणारी निंफ, पृष्ठभागावर पंख वाळवणारी माशी, आणि अंडी घालून पाण्यावर मरून पडलेली माशी. पृष्ठभागावरचं जेवण आपल्याला दिसतं, त्यामुळे तेच मुख्य असावं असं वाटतं. प्रत्यक्षात ट्राउट आपलं बहुतांश खाणं पाण्याखालीच उरकतो.

माणसाने बांधलेल्या माश्याही याच हिशेबाने दोन ठळक गटांत पडतात: तरंगणाऱ्या आणि बुडणाऱ्या. ही कल्पना फार जुनी आहे. सुमारे १८०० वर्षांपूर्वी इलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या लोकांबद्दल लिहून ठेवलं आहे. ते गळाला तांबडी लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची पिसं बांधत आणि ठिपक्यांचे मासे पकडत. तरंगणाऱ्या माशीला आजही कोंबड्याच्या मानेचंच पीस लागतं. ते गळाभोवती आडवं गुंडाळलं की त्याचे ताठ केस चहूबाजूंनी उभे राहतात आणि माशी त्या टोकांवर पाण्याच्या पापुद्र्यावर बसते.

बुडणाऱ्यांत मला सर्वांत आवडते ती फ्रँक सॉयर यांची फेझंट टेल. सॉयर इंग्लंडमधल्या एव्हन नदीची राखण करत. त्यांनी ही माशी बांधायला दोरा वापरलाच नाही. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे चार तंतू आणि तांब्याची बारीक तार, बस्स. तारच बांधते, तारच वजन देते आणि पिसांतून चमकतेही. तिला पाय नाहीत, कल्ले नाहीत, डोळे नाहीत. पण ती निंफच्या आकाराची आहे आणि निंफसारखी बुडते.

४. मासा कुठे उभा असतो?

ट्राउट नेहमी प्रवाहाकडे तोंड करून असतो, कारण खाणं वरून वाहत येतं आणि श्वासासाठीचं पाणीही तिकडूनच तोंडात शिरतं. वेगाच्या धारेत पोहत राहिला तर जेवढं खाल्लं त्याहून जास्त शक्ती खर्च होईल. अगदी संथ पाण्यात राहिला तर समोर काही येणारच नाही. तेव्हा तो दोन्हींच्या सीमेवर जागा धरतो. पंगतीत बसलेला माणूस उठून वाढप्यामागे धावत नाही. वाढपी समोरून जातील अशी जागा पकडतो आणि हाताशी येईल ते घेतो. ट्राउटचं तसंच आहे. वेगाची धार खाणं घेऊन समोरून जाते, आणि तो शेजारच्या संथ पाण्यात बसून मान वळवून एकेक घास उचलतो.

पाण्यावर ही सीमा डोळ्यांनी दिसते. खळाळ संपून डोह सुरू होतो तिथे मधल्या वेगाच्या धारेच्या दोन्ही कडांना एक रेघ पडते. तिच्यावरून फेसाचे बुडबुडे ओळीने जातात. बुडबुडे जिथून जातात तिथूनच किडेही जातात. फलाचनवर पहिला तास नुसते बुडबुडे पाहण्यात घालवला तरी तो वाया गेला असं समजू नये. याखेरीज मोठ्या दगडाच्या मागचा आडोसा, त्याच्या पुढे जिथे पाणी दगडावर आपटून मंदावतं ती उशीएवढी जागा, काठाखाली पाण्याने कोरलेली कपार आणि डोहाचं शेपूट, म्हणजे जिथे पाणी पुन्हा उथळ होऊन पुढच्या खळाळात पडतं ती जागा, इतकं पाहिलं तरी पुरे.

५. त्याला आपण दिसतो का?

दिसतो, पण सगळीकडून नाही. प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वाकतो. त्यामुळे माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. त्या खिडकीबाहेर पृष्ठभाग आरशासारखा असतो आणि त्यात तळाचंच प्रतिबिंब पडतं. खिडकीचा व्यास माशाच्या खोलीच्या साधारण सव्वादोन पट असतो. मासा ३० सेंटिमीटर खोल असेल तर खिडकी ६८ सेंटिमीटरची. याचा अर्थ, वरून येणारी माशी त्याला नीट दिसते ती हाताच्या अंतरावर आल्यावरच. निर्णय घ्यायला त्याच्याकडे फार वेळ नसतो. भरभर वाहणाऱ्या पाण्यात साधी माशीसुद्धा चालते, संथ डोहात मात्र ट्राउट चिकित्सा करतो, त्याचं हेही एक कारण.

खिडकीच्या कडेला मात्र काठावरचं सगळं दाबून, चेपून भरलेलं असतं. पाण्याला जवळजवळ समांतर येणारा प्रकाश बराचसा वरच परततो आणि आत शिरतो त्याची प्रतिमा अगदी बारीक होते. म्हणून मासेमारी करणारे ढोबळमानाने १० अंशांचा नियम पाळतात: पृष्ठभागापासून १० अंशांच्या कोनाखाली राहिलात तर मासा बहुधा बिचकत नाही. हिशेब करून पाहू. १० मीटर अंतरावर १० अंश म्हणजे पाण्यापासून सुमारे पावणेदोन मीटर उंची, तेव्हा मध्यम उंचीचा माणूस घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिला तरी चालेल. ५ मीटरवर तीच मर्यादा ८८ सेंटिमीटर होते. तिथे गुडघे टेकायलाच हवेत. लहान प्रवाहावर झुडपांमुळे इतकं जवळ जावंच लागतं, त्यामुळे पँटचे गुडघे आधी फाटतात.

मासा वरच्या अंगाला तोंड करून असतो आणि त्याच्या थेट मागे एक अरुंद पट्टा त्याला दिसत नाही. म्हणून खालच्या अंगाने, प्रवाहाविरुद्ध, हळूहळू वर सरकत जायचं. पाऊल टाकताना दगड एकमेकांवर आपटू द्यायचे नाहीत. ट्राउटच्या दोन्ही कुशींवर पाण्यातली कंपनं टिपणारी रेषा असते आणि वाजलेला दगड त्याला दूरवरून कळतो. काठावरचं आपलं बोलणं मात्र त्याला फारसं ऐकू जात नाही.

६. वजन दोरीचं

खाडीवर गरी टाकताना शिसं फेकलं जातं आणि दोरी त्याच्यामागे जाते. पिसांच्या माशीचं वजन ग्रॅमच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. ती फेकताच येत नाही. म्हणून इथे वजन दोरीतच घातलेलं असतं. जाड, गुळगुळीत दोरी पुढे निमुळती होत जाते आणि तिच्या वजनाप्रमाणे तिला क्रमांक असतो. ४ क्रमांकाच्या दोरीच्या पहिल्या ९ मीटरचं वजन पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं. लहान प्रवाहाला ३ किंवा ४ क्रमांकाची दोरी आणि सात-आठ फुटांची काठी पुरते. मैदानी नद्यांवरची नऊ फुटी काठी इथे दर दोन मिनिटांनी झाडात अडकते.

दोरीच्या टोकाला पारदर्शक नायलॉनचा धागा आणि त्याच्या शेवटच्या बारीक तुकड्याला माशी. या तुकड्याच्या जाडीचा हिशेब मजेदार आहे. ११ मधून त्याचा क्रमांक वजा केला की इंचाच्या हजाराव्या भागात जाडी मिळते. ५ क्रमांक म्हणजे ६ हजारांश इंच, साधारण ०.१५ मिलिमीटर.

फेकीत जोर लावायचा नसतो. काठी मागे नेऊन झटकन थांबवली की वाकलेली काठी सरळ होते आणि दोरीला हवेत लांब पसरवते. दोरी मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मग काठी पुढे आणून पुन्हा थांबवायची. नवशिके या मधल्या थांबण्यातच घाई करतात आणि दोरी मानेभोवती येते. मागे झाडी असेल तर दोरी मागे न्यायचीच नाही. पाण्यावर पडलेली दोरी काठीने उचलून पुढेच लोळवायची. अगदीच अडचण असेल तर माशी चिमटीत धरून काठी धनुष्यासारखी वाकवायची आणि सोडून द्यायची. अशी फेक चार-पाच मीटर जाते, आणि फलाचनवर तेवढं पुष्कळ झालं.

७. ओढ: सगळं इथे अडतं

माशी अचूक जागी पडली. मासा तिथेच आहे, वर येऊन खातोही आहे. तरी तो आपल्या माशीखाली येतो, पाहतो आणि परत जातो. का?

कारण माशी मोकळी नाही. ती दोरीला बांधलेली आहे आणि दोरी दुसऱ्याच पाण्यात पडली आहे. समजा, आपण काठावर उभे आहोत, मध्ये सेकंदाला १ मीटर वेगाची धार आहे आणि पलीकडच्या संथ पट्टीत, जिथे मासा आहे, पाणी सेकंदाला ०.३ मीटर वाहतं. दोरी मधल्या धारेवर पडली. दर सेकंदाला ती माशीपेक्षा ०.७ मीटर पुढे पळते. काही क्षणांत दोरी ताणली जाते आणि माशी संथ पाण्यावरून सरसर ओढली जाऊ लागते, मागे बारीक रेघ काढत. खरी मेफ्लाय पाण्याच्या वेगानेच जाते, ना कमी ना जास्त. तिची अशी रेघ उठत नाही. ट्राउटने जन्मभर हजारो किडे पाहिलेले असतात. त्याला रंगातली छटा कळो न कळो, पाण्याशी फटकून चालणारी वस्तू त्याला अन्न वाटत नाही.

या ओढीवर पहिला इलाज म्हणजे दोरीला ढील देणं. दोरी पडताक्षणी काठीच्या टोकाने तिचा मधला भाग उचलून वरच्या अंगाला ठेवायचा. समजा, अशी १ मीटर ढील मिळाली. ती ०.७ च्या वेगाने संपायला सुमारे १.४ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात माशी संथ पाण्यात ४० सेंटिमीटरच्या थोडं पुढे जाते. म्हणजे एक मीटर ढिलीची किंमत जेमतेम हातभर नैसर्गिक प्रवास. तो हातभर प्रवास माशाच्या खिडकीतून झाला पाहिजे. तेव्हा माशी त्याच्या नाकावर नाही, थोडी वर टाकायची.

दुसरा इलाज मला जास्त पटतो: जागा बदलणं. मासा ज्या पट्टीत आहे त्याच पट्टीच्या खालच्या टोकाशी जाऊन उभं राहिलं, तर दोरी, धागा आणि माशी तिन्ही एकाच वेगाने आपल्याकडे येतात. हाताने ढील गोळा करत राहायचं, एवढंच. लहान प्रवाहात तिसराही मार्ग आहे. इतकं जवळ जायचं की दोरी पाण्याला लागणारच नाही, काठी उंच धरून फक्त माशी आणि वीतभर धागा पाण्यावर. जपानमधल्या डोंगराळ ओढ्यांवर तेनकारा नावाची जी जुनी पद्धत आहे ती नेमकं हेच करते. लांब काठी, टोकाला थेट बांधलेली दोरी आणि चकरी नाही.

ओढ नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. माशी उगाच दोन बोटं तिरकी सरकली तरी ती ओढच. शेजारून वाहणाऱ्या बुडबुड्याशी माशी ताडून पाहावी. बुडबुडा आणि माशी बरोबरीने जात असतील तर सगळं ठीक. बहुतेक लोक मासा नाही म्हणाला की डबी उघडून दुसरी माशी बांधतात. त्याऐवजी दोन पावलं डावीकडे सरकून तीच माशी पुन्हा टाकावी. मासे वाढतात ते त्याने.

८. मार्च-एप्रिलमधला दिवस

हंगाम मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत असला तरी मे-जूनमध्ये बर्फ वितळून नदी फुगते आणि पुढे पावसाळ्यात ती गढूळ होते. मार्च-एप्रिल आणि पाऊस ओसरल्यानंतरचे आठवडे, हे चांगले दिवस.

एप्रिलमध्ये पहाटे उठून धावत सुटायची गरज नाही. सकाळी पाणी गार, मासा तळाशी. तेव्हा बुडणारी निंफ खालून वरच्या दिशेने टाकायची आणि धाग्याकडे पाहत राहायचं. मासा लागल्याचा हिसका फार क्वचित जाणवतो. धागा नुसता वाहता वाहता थबकतो. थबकला की काठी वर. दहातल्या नऊ वेळा तो दगड असतो, पण तोंडात घेतलेली लबाडी ट्राउट क्षणार्धात थुंकतो, त्यामुळे विचार करत बसायला सवड नाही.

अकरा-बाराच्या सुमारास ऊन दरीत उतरतं, काठच्या घराटांची, म्हणजे पाणचक्क्यांची, जाती फिरत असतात आणि पाण्यावरून पहिल्या मेफ्लाय उठू लागतात. डोहात वर्तुळं दिसतात. इथे एक गोष्ट बारकाईने पाहावी. वर्तुळाच्या मध्यात बुडबुडा राहिला तर माशाने पृष्ठभागावरची माशी घेतली, कारण तिच्याबरोबर त्याने हवाही गिळली आणि ती कल्ल्यांतून सोडली. बुडबुडा नसेल, नुसती पाठ किंवा शेपटी दिसली असेल, तर तो वर येणाऱ्या निंफ पृष्ठभागाखालीच टिपतो आहे. तरंगणारी माशी त्याला कितीही वेळा दाखवली तरी उपयोग नाही. संध्याकाळी अंडी घालणाऱ्या माश्या पाण्यावर पडतात तेव्हा मासे अगदी संथपणे, ओठांनी चुंबल्यासारखे खातात, आणि त्या वेळी पातळ, चपट्या पंखांची माशी लागते.

९. हाती आल्यावर

गळाचं उलटं टोक आधीच पकडीने दाबून सपाट केलेलं असावं, म्हणजे गळ सहज निघतो. हात ओले करूनच माशाला स्पर्श करायचा. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर बुरशी आणि जंतूंपासून त्याचं रक्षण करतो आणि कोरड्या हाताने तो निघून येतो. मासा पाण्यातच ठेवून, प्रवाहाकडे तोंड करून, पोटाखाली नुसता तळहात धरायचा. तो स्वतः जाईपर्यंत सोडायचं नाही.

१ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हिमाचलात ट्राउटची मासेमारी बंद असते. त्या काळात मादी डोहाच्या शेपटाशी, गोट्यांच्या खडीत शेपटीने खळगा करते, त्यात अंडी घालते आणि पुन्हा खडी ओढून झाकते. १० अंशांच्या पाण्यात ही अंडी साधारण दीड महिन्यात फुटतात, ५ अंशांच्या पाण्यात जवळपास तीन महिने लागतात. पिल्लं फुटल्यावरही पोटाशी असलेली बलकाची पिशवी संपेपर्यंत आठवडेच्या आठवडे खडीतच राहतात. म्हणजे मार्चमध्ये हंगाम उघडतो तेव्हा पुष्कळशी पिल्लं अजून दगडांखालीच असतात. आजूबाजूच्या शेवाळलेल्या दगडांमध्ये एखादा स्वच्छ, फिक्या खडीचा लांबट उंचवटा दिसला तर तो असा खळगा असण्याची शक्यता फार मोठी. पाणी तिथे उथळ आणि ओलांडायला सोपं असतं, पाय आपोआप तिकडेच वळतात. तिथून वर वीस पावलं जाऊन मोठ्या दगडांवरून ओलांडा.